दाखल्यावरचा एक रकाना

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म आणि जात नोंदविण्याचा एक रकाना असतो. 1980 च्या दशकात आम्ही शाळेतून बाहेर पडलो, तेव्हा आमच्या वाटा त्या रकान्यापाशी फुटल्या. ज्यांच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ अशी नोंद होती, त्यांना रेल्वे, टपाल अशा केंद्राच्या खात्यांत राखीव जागेसाठी अर्ज करता येई. ज्यांच्या वडिलांनी अभिमानाने ‘बौद्ध’ लिहविले होते, त्यांना तो करता येत नसे. भाऊ सख्खे, घर एक, घरातली बुद्धवंदना एक आणि दाखले मात्र दोन तऱ्हेचे, असेही आम्ही पाहिले आहे.

याचे मूळ 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात होते. शिखांतील काही जातींचा अपवाद सोडला, तर हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्या कोणालाही तो अनुसूचित जातीचे समजत नव्हता. 1956 मध्ये दुरुस्ती होऊन ‘हिंदू किंवा शीख’ अशी शब्दयोजना झाली. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, आणि ती घेणारे केंद्राच्या लेखी अनुसूचित जातीतून बाहेर गेले. वस्ती गावकुसाबाहेरच राहिली, पाणवठ्यावरची वागणूकही तीच राहिली. कागद तेवढा बदलला.

महाराष्ट्रात त्यातल्या त्यात आधार होता. 1960 साली राज्य स्थापन झाले आणि पहिले मुख्यमंत्री झाले यशवंतराव चव्हाण, आपल्या कुंडलजवळच्या देवराष्ट्राचे. राज्याच्या अखत्यारीतील सवलती त्यांच्या सरकारने नवबौद्धांना दिल्या. आमची फी माफ झाली, शिष्यवृत्ती मिळाली, आयटीआयला प्रवेश मिळाला, त्याचा उगम त्या निर्णयात आहे.

पण शिकणे वेगळे आणि शिकून कामाला लागणे वेगळे. 1910 पासून किर्लोस्करवाडी शेजारी असल्यामुळे लेथ, फिटर, टर्नर हे शब्द कुंडलच्या मुलाला शाळेआधीच ठाऊक होत. कारखान्यांतल्या उमेदवारीसाठी 1961 चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आला. 1973 च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागाही राखल्या गेल्या. मात्र अनुसूचित जातीचा कोण, हे ठरविणार 1950 चाच आदेश. कायदा आमच्यासाठी झाला होता, आणि त्यात आम्ही नव्हतो.

1990 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान असताना संसदेने तो आदेश दुरुस्त केला. ‘हिंदू, शीख किंवा बौद्ध’ असे शब्द आले. एका शब्दाची भर पडायला चौतीस वर्षे लागली, आणि तोवर आमच्यातील कित्येकांची वयोमर्यादा उलटून गेली होती. त्या काळात मुलांच्या भाकरीसाठी ज्यांनी ‘हिंदू महार’ लिहिले, त्यांना कच्चे बौद्ध म्हणणारे आजही भेटतात. आम्हाला ते पटत नाही. बापाला धम्म आणि लेकराची नोकरी यांतून एक निवडायला लावणारा आदेश दोषी होता, बाप नव्हे.

आता दार उघडे आहे. अडचण उंबऱ्यावर आहे. केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्रात मूळ जातीचे नाव लागते, नुसते ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ पुरत नाही. जात प्रमाणपत्राच्या पडताळणीचा राज्याचा 2000 चा अधिनियम आहेच. त्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. म्हणजे ‘महार’ हा शब्द मागे टाकून आलेल्या कुटुंबाने तो शब्द पणजोबांच्या नोंदीत जाऊन पुन्हा हुडकायचा. हे आम्हाला बोचते, पण टाळता येत नाही.

कुंडल 1948 पर्यंत औंध संस्थानात होते. त्यामुळे त्या काळच्या शाळेचा दाखलखारीज उतारा, जन्म-मृत्यूची नोंद किंवा महसुली कागद आपल्या पालकांनी आधी शोधावा. नोंद मोडीत असल्यास जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. बारावीनंतर प्रवेशाच्या धांदलीत ही धावपळ करणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. पाचवीत मुलाला वसतिगृहात सोडायला येणाऱ्या आई-वडिलांना म्हणूनच आम्ही आता ट्रंकेच्या आणि ताट-वाटीच्या यादीबरोबर हेही विचारतो : आजोबा कोणत्या शाळेत होते? शाळेत गेलेच नसतील, तर थोरल्या चुलत्यांचे, आत्याचे नाव विचारतो.