मजकूर न उघडता

ज्या जाळ्यात कोणी मुख्य नाही आणि कोणी अंकितही नाही, प्रत्येक संगणक एकाच वेळी देणारा आणि घेणारा असतो, अशा पीअर-टू-पीअर जाळ्यांची वाहतूक ओळखणे हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. आणि सरकारी दप्तरांपासून बँकांच्या खातेवह्यांपर्यंत पुष्कळसा कारभार क्लाउडमध्ये, म्हणजे परक्याच्या मालकीच्या व अनेकांच्या सामाईक वहिवाटीच्या यंत्रांवर, जाऊन बसला असता या विषयाचे महत्त्व शास्त्रीय कुतूहलापुरते मर्यादित राहिलेले नाही.

आरंभी हे काम सुकर होते. 2001 साली ब्रॅम कोहेन यांनी प्रसृत केलेल्या बिटटॉरेंटमध्ये दोन संगणकांची पहिली सलामी 68 बाइटांची असते. तिच्या अग्रभागी 19 हा अंक आणि त्यामागोमाग प्रणालीचे नाव सांगणारी तितकीच अक्षरे येत असल्याने पहाऱ्यावरील यंत्रास एवढी खूण पुरेशी होई. पुढे पोर्ट, म्हणजे संगणकातील जोडणीच्या दारांचे, क्रमांक मनास येतील तसे बदलू लागले, 2006 च्या सुमारास सलामीही कूटबद्ध झाली, आणि खुणेवर विसंबलेला बंदोबस्त निष्प्रभ ठरला.

ही वेळ येणार हे जाणून थॉमस कारायानिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्येच मजकूर न पाहता केवळ वर्तनावरून ओळख पटवण्याची रीत मांडली होती. जाळ्यातील सभासद आपला पत्ता व पोर्ट जाहीर करतो, आणि त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण बहुधा एकच जोडणी स्वतःच्या वेगळ्या पोर्टवरून करतो. म्हणून येणाऱ्यांचे पत्ते आणि त्यांचे पोर्ट यांची संख्या जवळजवळ सारखी भरते. उलट, संकेतस्थळ पाहणारा ब्राउझर एकाच सर्व्हरकडे अनेक जोडण्या उघडतो आणि तेथे पोर्टांची संख्या पत्त्यांहून वाढते. इतक्या साध्या गणितात इतके सामर्थ्य असावे, याचे मला आजही अपार कौतुक वाटते.

क्लाउडमधील प्रवाहनोंदींत कोण, कोणाशी, कोणत्या पोर्टवर, केव्हा व किती बाइट बोलला एवढेच रुजू असते, आणि वरील रीतीस तेवढेच लागते. 2020 मध्ये उघडकीस आलेल्या फ्रिट्झफ्रॉगसारखी घातक जाळी दुबळे परवलीचे शब्द हेरून सर्व्हरांत शिरतात व मध्यवर्ती सूत्रधाराविना चालतात. अशा वेळी ठरावीक यंत्रांशीच व्यवहार करणारा सर्व्हर अकस्मात शेकडो अपरिचितांशी बोलू लागला, ही नोंदच पहिला इशारा ठरते.

मात्र लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींच्या प्रती वाटण्यासाठीही हीच जाळी राजरोस वापरली जातात, आणि नावांचे पत्ते सांगणारे डीएनएस सर्व्हर किंवा टपालाचे सर्व्हर यांचे वर्तनही कधी कधी तसेच दिसते. अमेरिकेत 2007 साली कॉमकास्ट ही कंपनी ग्राहकांच्या बिटटॉरेंट जोडण्या बनावट संदेश घालून तोडत असल्याचे उघड झाले, आणि पुढल्या वर्षी तेथील दळणवळण आयोगाने ती पद्धत थांबवण्याचा हुकूम दिला. शास्त्राने दिलेली दृष्टी सत्तेच्या हाती सरसकट मज्जावाचे साधन कशी बनते, याचा हा दाखला आहे. म्हणून संशयित प्रवाह आढळताच त्या यंत्रास नेमून दिलेले काम पाहावे, मालकाकडे खातरजमा करावी, आणि मगच अटकाव करावा, हा क्रम मी अनुल्लंघनीय मानतो. कारण खासगी मजकुरास हात न लावता संरक्षण देण्याची जी दुर्मीळ मुभा या विद्येने आपल्याला दिली आहे, ती उतावीळपणाने गमावल्यास प्रत्येकाचे टपाल फोडण्याची मागणी करणाऱ्यांना उत्तर देण्यास आपल्यापाशी काही उरणार नाही.