वळू कोण निवडतो?

 

गेल्या हिवाळ्यात एका जनावरांच्या प्रदर्शनात परीक्षक होतो. खिल्लार वळूंची रांग लागलेली. शिंगांची ठेवण, वशिंड, गळ्याखालची पोळी, खूर बघत पुढं सरकत होतो. एका पदवीधर पशुपालकानं विचारलं, “डॉक्टर, जनावराचं रक्त शुद्ध राखायला तुम्हीच सांगता. मग पोरं जातीबाहेर लग्नं करतात तेव्हा गप्प का?” भोवतालच्या माना डोलल्या. तेवढ्यात बक्षीस वाटपाची हाक आली आणि उत्तर राहून गेलं.

उत्तराची सुरुवात कुत्र्यांपासून करतो. २००४ साली ८५ जातींच्या कुत्र्यांचा डीएनए तपासला गेला. एकूण जनुकीय फरकांपैकी सुमारे २७ टक्के जातीजातींमधले निघाले. जगभरच्या मानवसमूहांत हेच प्रमाण ५ ते १० टक्के भरतं. बाकी सगळा फरक एकाच समूहातल्या माणसामाणसांत असतो. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली रक्तगट आणि प्रथिनांवरून हेच मांडलं होतं. त्यांचा समूहांतर्गत आकडा होता ८५ टक्के.

इथं थोडं थांबायला हवं, कारण लेवॉन्टिनचं नाव घेऊन वाद मिटवणारे पुढचं वाचत नाहीत. केंब्रिजच्या ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ साली दाखवलं की एकेक जनुक सुटं पाहिलं तर समूह ओळखता येत नाही. पण अनेक जनुकांतले बारीक फरक एकत्र जुळवले, तर माणसाचे पूर्वज कुठले हे बऱ्यापैकी सांगता येतं. हे खरंच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मात्र पूर्वजांचा पत्ता लागणं वेगळं आणि खिल्लारासारखी घडवलेली जात असणं वेगळं. माझे सहकारीसुद्धा इथं घसरतात, तेव्हा वैताग येतो.

जनावराची जात घडते ती कुणीतरी निवड केल्यामुळे. कळपातला एक गोऱ्हा वळू म्हणून राखायचा, उरलेल्यांचं खच्चीकरण करायचं, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या. अशा कडक निवडीमुळेच कुत्र्यांच्या आकारातला बराचसा फरक मोजक्या जनुकांवर येऊन ठेपला. माणसाच्या उंचीशी निगडित डीएनएतल्या जागा मात्र २०२२च्या अभ्यासात बारा हजारांवर गेल्या. माणसांत वळू निवडणारा कुणी नव्हता.

“पण आपल्याकडं जाती आहेत ना?” आहेत. २०१३च्या एका अभ्यासानुसार भारतातले समूह साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी एकमेकांत भरपूर मिसळले आणि त्यानंतर आपापल्यात लग्नं करू लागले. म्हणजे कुंपण घातलं, निवड केलीच नाही. त्यातून गुण वाढत नाहीत. आई-वडील दोन्हीकडून आले तरच त्रास देणारे दोष तेवढे भेटत राहतात. आंध्रातल्या वैश्य समाजात भूल देताना वापरलं जाणारं एक औषध काहींच्या शरीरात लवकर विघटित होत नाही, ते याचमुळे.

निवड केली तरी धोका टळत नाही, हे आम्हा पशुवैज्ञानिकांनी कबूल करावं. १९६२ साली अमेरिकेत जन्मलेल्या ‘चीफ’ या होल्स्टीन वळूच्या सोळा हजार मुली होत्या. दूध वाढलं. त्याच्या जनुकांतला एक दोषही जगभर पसरला. त्यापायी सुमारे पाच लाख गर्भ गळाले, असा अंदाज आहे. आमच्या धंद्यात शुद्धतेचा हिशेब असा चुकवावा लागतो, म्हणून तर वळू बदलत राहा असं आम्ही घसा कोरडा करून सांगतो. गावकरी ते बैलांच्या बाबतीत ऐकतात.

एवढं समजावूनही तो पशुपालक मान्य करील, याची खात्री मला नाही. आकड्यांनी कुणाचा कुळाचा ताठा उतरल्याचं पाहिलेलं नाही. तेव्हा एक कामाचं सांगतो. पत्रिका जुळवण्याआधी मुलामुलीची थॅलसेमिया आणि सिकलसेलची रक्ततपासणी करा. रक्ताची एवढी काळजी असेल, तर ती प्रयोगशाळेत जाऊन करावी.