मण्यात पाणी उतरतं तेव्हा

आम्ही हे घर पाहायला आलो तेव्हा समोरच्या द्राक्षबागेत औषधालाही पान नव्हतं. एप्रिलचा दुसरा आठवडा. खरड छाटणी नुकतीच उरकलेली. लोखंडी अँगलवर ताणलेल्या तारा, तारांवर दोन्ही हात पसरून उभी असलेली काळपट खोडं, आणि ओळींमधून छाटलेल्या काड्यांचे ढीग. पलीकडे नाशिकच्या गंगापूर धरणाचं पाणी मागे हटलेलं, गाळाला भेगा पडलेल्या. घर दाखवणारे गृहस्थ सारखे म्हणत होते, "जानेवारीत या, मग बघा." मला मात्र ती उघडी बागच आवडली. जे आहे ते सगळं समोर होतं. हिरव्या मांडवाखाली घड लोंबत असताना कुणीही भुलेल. द्राक्षांच्या गावात घर घ्यायचं असेल तर ते एप्रिलात, भर दुपारी पाहावं, असं मी आता प्रत्येकाला सांगते. बारा महिन्यांतला तो सर्वांत रुक्ष दिवस ज्याला आवडेल, त्याने खुशाल इसार द्यावा.

त्याआधी वर्षभर आम्ही दोघांनी मखमलाबाद, दिंडोरी, गिरणारे हे सगळे रस्ते पालथे घातले होते. तीस वर्षं डोंबिवलीत काढली, त्यातली बरीचशी लोकलच्या दारात. नवऱ्याला झाडं हवी होती आणि मला शांतता. एका एजंटाने बागेच्या मधोमध दोन गुंठ्यांचा तुकडा दाखवला. मोहात पडावं असाच होता, ओढ्याकाठी, आंब्याच्या सावलीत. पण सातबाऱ्यावर शेतजमीन, आणि आमच्या दोघांच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावे शेती नाही. कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, वर तुकडेबंदीचा कायदा आहेच. "सगळेच घेतात ताई, पुढे होतं नियमित," तो म्हणाला. त्या रात्री आम्ही झोपलो नाही. सकाळी नको म्हणून कळवलं. ज्या मातीत उरलेलं आयुष्य काढायचं, तिथे पहिलंच पाऊल खोट्या कागदावर ठेवायचं मनाला पटेना.

हे घर बिगरशेती झालेल्या प्लॉटवरचं. आठ घरं, आणि तिन्ही बाजूंनी बागा. वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला, सगळे फेरफार काढले, आणि ते जुने कागद मी एखादी कादंबरी वाचावी तसे वाचले. सातबाऱ्याच्या पिकांच्या रकान्यात आधी बाजरी, मग गहू, भुईमूग, मग एके वर्षी "विहीर", आणि तिच्या मागोमाग द्राक्ष. धरण 1965 साली पूर्ण झालं. पाणी आलं तसं शेत बदललं, माणसांचे हिशेब बदलले. खरेदीखतावर सही करताना मला त्या बाजरीची फार आठवण झाली, जी मी कधी पाहिलीही नव्हती.

शेजारची चार एकर बाग आबांची. तीन एकर खायचा माल, एक एकर वाईनचा. आबांनी पहिल्याच आठवड्यात घरी येऊन एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याही माहितीपत्रकात नसते. "ताई, सकाळी ब्लोअर चालला की खिडक्या लावून घ्यायच्या. आणि कपडे वाळत असतील तर आत." छाटणीनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात ढग आले की डाऊनीचा रोग येतो, थंडीत भुरीचा. फवारणी चुकवून चालत नाही. पहाटे ट्रॅक्टरचा तो घुमणारा आवाज आणि त्यामागून येणारा गंधकाचा वास, हाही इथल्या राहण्याचा भाग आहे. बागायतदाराच्या घरात तो वास आयुष्यभर असतो. आम्हाला तो फक्त खिडकीतून येतो.

लोकांना वाटतं, वेलीला वर्षात एकदा फळ येतं म्हणजे काम एकदाच. पण युरोपातल्या वेली बर्फात झोपतात आणि वसंतात आपोआप जाग्या होतात. आमच्याकडची थंडी त्यांना झोपवण्याइतकी नसते. म्हणून इथे दोनदा छाटतात. एप्रिलात खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून. मग पावसाळा नुसता पानांचा. आणि पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. हे नाव मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते दिवसभर तोंडात घोळवत होते. गोडी छाटणी! कात्री लावायची ती गोडीसाठी.

छाटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जवळ जाऊन पाहिलं. काडीच्या कापलेल्या टोकावर स्वच्छ पाण्याचा थेंब जमला होता, फुगला, आणि खालच्या मातीत पडला. मग दुसरा. अख्ख्या ओळीभर थेंब लोंबत होते आणि सकाळचं ऊन त्यातून आरपार जात होतं. मुळं पाणी वर ढकलत होती, वर अजून पानच नव्हतं. काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावण्याचं काम चालू होतं. डोळे एकाच वेळी फुटावेत म्हणून हे औषध लावतात. हातमोजे घालून, एकेका डोळ्याला. आबा टोळीला बजावत होते, पेस्टच्या दिवसांत कुणी दारूच्या थेंबालाही शिवायचं नाही. ते औषध अंगात गेलं आणि वर दारू पोटात गेली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, माणूस आजारी पडतो. जिचं पुढे मद्य होणार ती वेल जागी करणाऱ्याला असा उपास घडतो. ही टोळी पेठ-सुरगाण्याकडची. गोडी छाटणीपासून थिनिंगपर्यंत ही माणसं आपलं गाव सोडून इथे राहतात. घडातले जादा मणी कात्रीने एकेक काढणाऱ्या त्या बायांच्या बोटांशिवाय नाशिकच्या द्राक्षाला आकार आला नसता. ग्लास वर उचलताना पहिलं नाव त्यांचं घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वाईनची इथली गोष्ट तशी तरुण आहे. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून घरच्या जमिनीवर परतले, गंगापूर धरणाजवळ वेली लावल्या, आणि त्यांच्या सुला वायनरीची पहिली वाईन 2000 साली बाजारात आली. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. विंचूरला वाईन पार्क झालं. शेनिन ब्लां, सोव्हिन्यो ब्लां, शिराझ, काबर्ने ही नावं ओसरीवर बसलेल्या माणसांच्या तोंडी रुळली. मग 2008 नंतरची मंदी आली. वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि कितीतरी शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा मुळासकट उपटल्या. आबांचे पैसे एका वायनरीने दोन वर्षं थकवले. त्यांनी वाईनचा माल काढून टाकला आणि थॉमसन लावलं. मग बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या एका वायनरीशी करार करून, ओढ्याकडचा एक एकर पुन्हा शिराझला दिला. का दिला, विचारलं. "पोरगा म्हणाला, आबा, एकदा परत," एवढंच ते बोलले.

खायचं द्राक्ष आणि वाईनचं द्राक्ष एकाच बांधावर उभं राहून खाल्लं की फरक आयुष्यभर विसरत नाही. थॉमसनचा मणी लांबट, पातळ सालीचा, दाताखाली फुटला की नुसतं पाणी आणि साखर. शिराझचा मणी करवंदाएवढा, निळा-काळा, वर पांढरट लव. साल जाड, चावावी लागते. आत बिया. आधी भरपूर गोडवा, मागून आंबटपणा, आणि शेवटी जिभेला हिरड्यासारखा तुरटपणा धरतो. तो रंग सालीत असतो, तो तुरटपणा साल आणि बियांत. म्हणून लाल वाईन सालीसकट आंबवतात आणि पांढरीचा रस आधीच वेगळा काढतात. इथले जानेवारीचे दिवस उन्हाचे आणि रात्री गारठ्याच्या. दिवसा गोडी भरते, रात्री आंबटपणा टिकतो. नाशिकची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे, तिचं हे देणं.

आई पावसाळ्यात आमच्याकडे राहायला येते. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. कपाटात बाटली पाहिली आणि काही बोलली नाही, पण दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी जेवणाआधी मी ग्लास तिच्या हातात दिला, नुसता वास घे म्हणून. तिने बराच वेळ घेतला. म्हणाली, "तू लहान असताना अंगावर मांस नव्हतं. वैद्यांनी द्राक्षासव दिलं होतं. असाच वास यायचा." ते आसव धायटीच्या फुलांनी आंबवतात. त्र्यंबकच्या वाटेवर त्याच धायटीची झुडपं फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल होतात. तिने ग्लास परत दिला. प्यायली नाही, मी आग्रहही केला नाही. आमच्या घरी संध्याकाळी एक ग्लास असतो, तोही रोज नाही. थंड शेनिन आणि गरम थालीपीठ ही जोडी मला कुणी शिकवली नाही, पण मी ती कुणालाही शिकवायला तयार आहे. व्हरांड्यात बसावं, अंजनेरीच्या मागे सूर्य जाताना धरणाचं पाणी तांबूस व्हावं, आणि कुणाला काही बोलावंसं वाटू नये. या सुखासाठीच आम्ही आलो होतो, हे सांगायला मला जराही संकोच वाटत नाही.

पण या घराची मी झाले ती अशा संध्याकाळी नाही. दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात एका रात्री दोन वाजता दार वाजलं. वहिनी, म्हणजे आबांच्या सूनबाई, शाल गुंडाळून उभ्या. "ताई, पारा लई उतरलाय. माणसं कमी पडत्यात." निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली जातो तेव्हा वर्तमानपत्रात बातमी येते. आमच्याकडे बागेत माणसं उतरतात. मणी पाण्याने भरत आलेला असतो, साल ताणलेली, आणि गारठ्याने तो तडकतो. तडकलेला घड कुणी घेत नाही. आम्ही दोघं गेलो. ओळींच्या टोकाला शेकोट्या पेटवायच्या होत्या, धूर बागेवर धरून ठेवायचा होता. विहिरीची मोटार सुरू केली, कारण विहिरीचं पाणी वरच्या हवेपेक्षा उबदार असतं. जाळायला काय, तर शेडमागे रचून ठेवलेल्या काड्या, एप्रिलातल्या. मी पहिल्या दिवशी पाहिलेले तेच ढीग. वाळून कडक झालेल्या, झट पेट घेणाऱ्या. पहाटे पाचपर्यंत आम्ही एका शेकोटीवरून दुसरीकडे जात राहिलो. कुणी फार बोललं नाही. वहिनींनी गुळाचा चहा आणला. उजाडल्यावर आबा एकेक घड हातात घेऊन, उलटा करून पाहत ओळीभर गेले आणि परत आले. खालच्या चार ओळी गेल्या होत्या. बाकी बाग राहिली.

त्यानंतर मी बागेत विचारून जात नाही.

मण्यात पाणी उतरतं, असं इथे म्हणतात. हिरवा, कडक, आंबट मणी एका आठवड्यात मऊ पडतो, काळ्या जातीत रंग फिरतो. घडात एखादाच मणी आधी जांभळा होतो. मग दिवसागणिक शेजारी. यंदा शिराझची तोडणी फेब्रुवारीत ठरली. वाईनचा माल ऊन व्हायच्या आत तोडतात, रस गार राहावा म्हणून. पहाटे चारला टोळी डोक्याला दिवे लावून ओळींत शिरली. कात्र्यांचा आवाज, क्रेटमध्ये घड ठेवल्याचा दबका आवाज, मधूनच कुणाचं हसणं. ओढ्याकडचा पट्टा मागे होता. तिथे सावली पडते, गोडी उशिरा भरते. तो आज तोडायचा की दोन दिवस थांबायचं, हे वायनरीने आबांवर सोडलं होतं.

तांबडं फुटलं तेव्हा आबांनी त्या पट्ट्यातले वेगवेगळ्या घडांचे मणी गोळा केले, तळहातात चिरडले, आणि रसाचे दोन थेंब गोडी मोजायच्या नळीच्या काचेवर टाकले. झाकण मिटलं. डोळ्याला लावून पाहिलं, पुसलं, पुन्हा पाहिलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबणीवर टाकलंय त्यांनी, तोडणी झाल्यावर करू म्हणून. नळी माझ्यापुढे धरली.

"तुम्ही बघा ताई."

मी ती उजेडाकडे केली. वर निळं, खाली पांढरं, आणि दोहोंच्या मधली रेघ आकड्यांवर आडवी. माझ्या बोटांना रस चिकटला होता. श्वास रोखून मी रेघ स्थिर होऊ दिली.

"तेवीस," मी म्हटलं.

आबांनी मागे वळून टोळीला हाक दिली.