भाडेकरू असलेलं घर घेताना

चिखलीतला फ्लॅट आम्ही दोघांनी पसंत केला, इसार दिला. रमजान ईद गेली, बकरी ईद गेली, ताबा मिळेना. इकडे आमचं भाडं चालूच. मालकाचं एकच पालुपद : "भाडेकरू निघत नाही." शेवटी आम्हीच त्यांच्या दारी गेलो. गृहस्थ चाकणच्या कारखान्यात कामाला. घर विकतंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं!

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे असा करार लेखी व नोंदणीकृत लागतो. त्यांचा होता, मुदत अजून चार महिने. मुलांची सहामाही परीक्षा होईपर्यंत आम्ही थांबायचं ठरवलं. ताब्याची तारीख आणि त्यांची अनामत परत करण्याची हमी मालकाकडून लिहून घेतली. हा करार इसार देण्याआधीच मागायला हवा होता, ही चूक मात्र आमचीच.