बोस्टनची तांबडी रेषा

अमेरिकेतील बोस्टन शहर पाहावयास जाणाऱ्यास वाटाड्या लागत नाही. बोस्टन कॉमन या विस्तीर्ण उद्यानापासून तांबड्या विटांची एक रेषा फरसबंदीवरून निघते आणि प्रवाशास सुमारे अडीच मैल चालवीत १६ ऐतिहासिक स्थळांचे दर्शन घडविते. इंग्रजी सत्तेविरुद्ध १३ वसाहती कशा उठल्या, हे मुलांना शिकविण्यास याहून चांगला फळा आमच्या पाहण्यात नाही.

आमचे आयुष्य शाळेत गेले, तेव्हा आमचे पाय प्रथम अडले ते स्कूल स्ट्रीटवर. १६३५ साली स्थापन झालेल्या बोस्टन लॅटिन स्कूलची ही मूळ जागा. शाळा आजही अन्यत्र चालू आहे. अठराव्या शतकात जॉन लव्हेल हे येथे सुमारे चाळीस वर्षे मुख्याध्यापक होते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्याची सही सर्वांत ठळक, तो जॉन हॅनकॉक त्यांचाच शिष्य. गुरुजी स्वतः मात्र राजनिष्ठ. आणि त्याच शाळेत त्यांच्या हाताखाली शिकविणारे चिरंजीव जेम्स स्वातंत्र्यपक्षाचे! १९ एप्रिल १७७५ रोजी लढाईस तोंड लागले आणि शाळा बंद झाली. पुढील वर्षी इंग्रज सैन्य बोस्टन सोडून हॅलिफॅक्सला गेले. त्याच्या आश्रयाने पिता गेला आणि त्याचाच कैदी म्हणून पुत्रही तिकडेच नेला गेला. ज्या लढ्याने एका घराची अशी दोन शकले केली, तो मुलांना देवदानवांच्या युद्धासारखा सांगू नये.

तेथून जवळच ओल्ड साउथ मीटिंग हाउस हे प्रार्थनामंदिर आहे. १६ डिसेंबर १७७३ रोजी येथे हजारो नागरिक जमले, आणि त्याच रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या सुमारे ३४० पेट्या बंदरात फेकल्या गेल्या. कारण विचारले असता बहुतेक मुले सांगतात, 'चहा महागला म्हणून.' वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बंगालची दिवाणी हाती असूनही कंपनी तेव्हा कर्जात बुडाली होती आणि तिच्या वखारींत चिनी चहा पडून होता. तिला तारण्याकरिता पार्लमेंटने त्याच वर्षी जो कायदा केला, त्याने वसाहतींत चहा स्वस्तच व्हावयाचा होता. पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा राखला होता. नडले ते येथेच. ज्या पार्लमेंटात आपला एकही प्रतिनिधी नाही, तिचा कर बसविण्याचा अधिकार तो स्वस्त चहा घेताच मान्य झाला असता.

रेषा पुढे फॅन्युइल हॉलला पोहोचते. स्वातंत्र्यवाद्यांच्या सभांनी गाजलेले हे सभागृह ज्या पीटर फॅन्युइल यांनी शहरास बांधून दिले, त्यांच्या व्यापारात गुलामांची खरेदीविक्रीही होती. हेही मुलांपासून झाकून ठेवू नये. स्वातंत्र्याची मागणी खरी होती आणि ती सर्वांकरिता नव्हती, या दोन्ही गोष्टी एकत्र समजण्याइतकी मुले शहाणी असतात.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच, की सनावळी घोकून घेण्यापूर्वी मुलांना विचारावे: स्वस्त झालेला चहा लोकांनी समुद्रात का टाकला? उत्तर शोधता शोधता १७७३ हे साल ती सहसा विसरत नाहीत.