लोकांचे हात

सिडनीच्या पश्चिमेस ब्लू माउंटन्सची रांग ओलांडली की लिथगो हे कोळशाच्या खाणींचे गाव लागते. त्याच्या उत्तरेस न्यून्सच्या पठारावरून वॉल्गनच्या रस्त्याकडे काही किलोमीटरांची एक कच्ची वाट निलगिरीच्या रानातून उतरते. सिडनीत स्थिरावलेली आपल्या शाळेची आम्ही तीन कुटुंबे गेल्या हिवाळ्यात दोन फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांतून त्या वाटेने गेलो.

अशा वाटेवर वेगाला किंमत नसते. प्रारंभीच टायरमधील हवा ३५ वरून २२ वर आणावी लागते. मऊ झालेला टायर दगडाला धरून चालतो, वाळूत रुतत नाही आणि वाटही कमी उखडतो. तीव्र उतारावर लो रेंजचा पहिला गिअर टाकून गाडी इंजिनाच्या ओढीवर सोडावी. सतत ब्रेक दाबल्यास चाके घसरतात. जेथे शंका आली तेथे आम्ही उतरून आधी पायी पाहून आलो. डबके आले की कडेच्या झुडपांतून गाडी काढण्याचा मोह होतो, परंतु प्रत्येकाने तसे केल्यास वाट रुंदावत जाते आणि रान मागे हटते. म्हणून काठीने खोली मोजावी आणि पाण्यातूनच जावे. मुलांना अर्थातच हाच भाग सर्वांत आवडला!

खाली वालुकाश्माच्या कपारीत हातांचे ठसे आहेत. खडकावर हात टेकवून तोंडातील गेरूचे पाणी त्यावर फुंकायचे; हात काढला की रंगाच्या मधोमध त्याची रिकामी आकृती उरते. लेणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे छिन्नी येते. या हातांसाठी दगडाला ओरखडाही पडलेला नाही.

गोऱ्या वसाहतवाल्यांनी या जागेला दिलेल्या नावात मूळ रहिवाशांच्या कातडीच्या रंगावरून हिणवणारा शब्द होता. आज तिचे नाव माइइंगू मारागू असे आहे. विराजुरी भाषेत त्याचा अर्थ ‘लोकांचे हात’. वाटेचे जुने नाव मात्र अनेक नकाशांवर अद्याप तसेच आहे.

हे मुलांना समजावताना आम्हांस आपल्याकडचे वाडे आठवले. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२० च्या डिसेंबरात घेतला. महारवाड्याच्या जागी समतानगर, भीमनगर अशी नावे सुचविली गेली. १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंत एका नावासाठी काय मोजावे लागले, ते या स्मरणिकेच्या वाचकांस सांगणे नको. फरक एवढाच की तेथे नव्या नावाबरोबर त्या लोकांची भाषाही फलकावर आली. आम्हांस ते अधिक मोलाचे वाटले.

ठशांना स्पर्श करावयाचा नसतो. आमच्यातील सर्वांत धाकटीने दुरूनच आपला पंजा हवेत उभा धरला, एक डोळा मिटला आणि तो एका लहान हाताशी जुळवून पाहिला. बोटे थोडी आखूड पडली. मग ती शेजारचा हात शोधू लागली.