भंगारातून निघालेला यमन

आमच्या महागावात गावातलं जुनंपानं शेवटी भंगारवाल्याकडेच जमतं. मागच्या महिन्यात कुलरची गंजलेली टाकी द्यायला गेलो, तर रद्दीच्या गठ्ठ्यात एचएमव्हीची एक तबकडी दिसली. हिंदी सिनेमातल्या गाण्यांच्या धुना, वादक चरणजित सिंग.

"गुर्जी, वाजवायले मशीन हाये का तुमच्याजवळ?" त्यानं विचारलं. नव्हतं. तरी वीस रुपये देऊन घेतली.

घरी नातवानं नाव मोबाईलवर शोधलं आणि ऐकवलं ते भलतंच! याच चरणजित सिंगांची १९८२ची दुसरी तबकडी, ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरवी, ललत, तोडी, मालकंस असे दहा राग. पण तबला नाही, सारंगी नाही. सगळं सिंथेसायझर आणि तालयंत्रावर. यमन लावला तेव्हा पहिली दोन मिनिटं कान कुरकुरले. खाली घड्याळासारखा न चुकणारा ठोका, वर सरसर धावणारे स्वर. मग तीव्र मध्यम आला आणि मी सावरून बसलो. कपडे परके होते, माणूस ओळखीचा होता.

चरणजित सिंग मुंबईचे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत त्यांनी वर्षानुवर्षं साथ केली. रोलँड कंपनीची तेव्हा नवी असलेली यंत्रं आणून त्यांनी हा प्रयोग केला. तो फारसा खपला नाही. डिस्कोवाल्यांना त्यात गाणं सापडलं नसेल, रागवाल्यांना राग. पुढे १९८७ साली अमेरिकेतल्या शिकागोत त्यांतल्याच एका यंत्रावर ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचं संगीत जन्मलं आणि जगभर गाजलं. मुंबईत त्या जातीचे आवाज पाच वर्षं आधी निघाले होते, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ही तबकडी दिल्लीत मिळाली. त्यांनी ती २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध केली. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग मग युरोपात कार्यक्रम करून आले. २०१५ साली ते गेले.

शाळेत शिकवताना निकालाच्या दिवशी मागच्या बाकावरची काही पोरं खाली मान घालून उभी राहायची. त्यांतल्या किती जणांची पारख पुढे कुणी केली असेल, हे आता या वयात मनात येतं. चरणजित सिंगांना ती बघायला मिळाली, तीही अट्ठावीस वर्षांनी. प्रत्येकाच्या वाट्याला बाउमन येत नाही. शिवाय, त्यांनी ओळखली हे खरं, पण त्याआधी वीस वर्षं कुणीतरी ती तबकडी फेकली नव्हती. त्या माणसाचं नाव कुठेच नाही.

म्हणून नातेवाइकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या कॅसेटी, तबकड्या, वह्या खाली काढाल तेव्हा वजनकाट्यावर टाकण्याआधी एकदा नाव वाचा. जमलं तर ऐकाही. ठेवायला जागा नसेल तर मला कळवा. आमच्या ओसरीत अजून जागा आहे.